सुचलेले बोलता येईल अशी संस्था

देवळा तालुका 1999 साली झाला, पण इथल्या बऱ्याच संस्था त्याहून जुन्या आहेत. विकास सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था, शिक्षण संस्था, कांद्याच्या बाजार समित्या आणि त्यांच्या आसपास पसरलेली व्यापाऱ्यांची खळी. अलीकडे त्यांत शेतकरी उत्पादक कंपन्यांची भर पडली आहे. यांपैकी एखादीचा कारभार तुमच्या हाती असेल, चेअरमन, सचिव, मुख्याध्यापक, व्यवस्थापक किंवा खळ्याचे मालक म्हणून, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

अशा लोकांशी बोलताना एक तक्रार हमखास ऐकू येते. “आमच्याकडे नवा विचार करणारी माणसंच नाहीत हो, सांगितलं तेवढंच करतात.” मला ही तक्रार पटत नाही. खळ्यावर दिवसभर कांदा निवडणारी बाई कोणत्या चाळीतल्या कांद्याला आधी मोड येतात ते सांगू शकते. पतसंस्थेसाठी रोज दुकानोदुकानी फिरून दैनिक ठेव गोळा करणाऱ्याला कोणाचा धंदा अडचणीत आहे हे शाखाधिकाऱ्याच्या आधी कळते. कोणत्या गावच्या मुली एसटीची वेळ बदलल्यापासून पहिल्या तासाला पोहोचत नाहीत, हे शाळेच्या शिपायाला माहीत असते. काय बदलले तर काम सोपे होईल, हेही यांना सुचलेले असते. ते आपल्यापर्यंत येत नाही, आणि न येण्याची कारणे बहुधा वरच्या खुर्चीपाशी सापडतात.

माझ्या मते कारणे दोनच आहेत. सुचवलेल्या गोष्टीला उत्तर मिळत नाही. आणि सुचवलेले करून पाहिले नि ते फसले, तर तोटा सुचवणाऱ्याच्या अंगावर येतो. ही दोन कारणे दूर केली तर बाकीचे बरेचसे आपोआप सुरळीत होते. ती तशीच ठेवून व्याख्याने, शिबिरे आणि स्पर्धा घेतल्या तर पैसा तेवढा खर्च होतो.

फडातली पद्धत

याचा उत्तम धडा आपल्याच भागात आहे. मोसम, आरम आणि पांझरा या नद्यांवर नाशिक-धुळे पट्ट्यात तीन-चारशे वर्षे फड पद्धतीचे सिंचन चालत आले. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालचे शिवार साधारण तीन-चार फडांत वाटलेले. एका फडात एकच पीक घ्यायचे. कोणत्या वर्षी कोणते फड भिजवायचे, हे बंधाऱ्याला किती पाणी आहे ते पाहून सगळ्यांनी मिळून ठरवायचे. शेतात पाणी लावण्याचे काम शेताच्या मालकाकडे नसे. ते पाटकऱ्याकडे असे, आणि तो वरपासून खालपर्यंत सगळ्यांची शेते क्रमाने भिजवी. राखणीला जागल्या. पावसाळ्यानंतर पाटातला गाळ काढायला घराघरातून माणूस जाई. नियम बहुतेक तोंडी असत, पण ते पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले.

या पद्धतीकडे आपण वारसा म्हणून कौतुकाने पाहतो. संस्था चालवणाऱ्याने तिच्याकडे कामाची रचना म्हणून पाहावे असे मला वाटते. एका फडात एकच पीक, हा नियम घ्या. शेजारी-शेजारी वेगळी पिके असतील तर एकाला आठ दिवसांनी पाणी हवे आणि दुसऱ्याला पंधरा दिवसांनी. रात्री दारे धरणाऱ्याला हा हिशेब सांभाळणे अशक्य. हा नियम कोणाला सुचला याची नोंद नाही, पण ज्याने रात्रीची पाळी केली आहे, त्याच्या अनुभवाशिवाय तो तयार होऊ शकत नाही. म्हणजे पाटात उभ्या राहणाऱ्याचे म्हणणे ठरवणाऱ्यांपर्यंत पोहोचत होते आणि त्याचा नियम होत होता.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बागाईतदारांच्या जमिनी एकापेक्षा जास्त फडांत विखुरलेल्या असत. पाणी कमी पडले तर शेपटाकडच्या चार शेतकऱ्यांना कोरडे ठेवले जात नसे, एक अख्खा फड सोडून दिला जाई. त्यामुळे टंचाईची झळ सगळ्यांना थोडी-थोडी बसे. एकटा कोणी बुडत नसे. जिथे तोटा वाटला जातो, तिथेच माणसे एकत्र बसून “यंदा असे करून पाहू” म्हणू शकतात. पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या, पिके बदलली आणि फड बऱ्याच ठिकाणी मोडले. रचनेतली ही दोन तत्त्वे मात्र आजच्या पतसंस्थेलाही लागू पडतात.

उत्तराची वही

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. अनेक कार्यालयांत भिंतीवर सूचना पेटी असते. तिचे कुलूप कधी उघडले हे कोणाला आठवत नाही. कर्मचाऱ्यांच्या सूचनांसाठी रीतसर योजना करण्याची कल्पना काही नवी नाही. स्कॉटलंडमध्ये डम्बार्टन इथल्या विल्यम डेनी यांच्या जहाजबांधणी कारखान्यात 1880 सालीच कामगारांच्या सुधारणांना बक्षीस देणारी योजना होती. जपानच्या टोयोटाने अशी योजना 1951 मध्ये सुरू केली, तीही कंपनीचे एजी टोयोदा अमेरिकेत फोर्डचा कारखाना पाहून आल्यावर. टोयोटाला त्यातून जे साधले ते बक्षिसाच्या रकमेमुळे साधले नाही. तिथे बहुतेक सूचनांचे बक्षीस किरकोळ असते. लगतचा वरिष्ठ सूचना ऐकतो, ती नीट मांडायला मदत करतो आणि तिचे काय झाले ते सांगतो. खरा फरक इथे पडतो.

म्हणून पेटी काढून टाका आणि एक जाड वही ठेवा. तिच्यात चार रकाने पुरेत. काय सुचवले, कोणी सुचवले, उत्तर कोण देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत. पंधरा दिवसांपेक्षा लांबची तारीख घालू नका. उत्तर तीनपैकी एक असेल: करू, करून पाहू, किंवा नाही. “नाही” असेल तर कारण लिहायचे. “सहकार खात्याच्या नियमात बसत नाही”, “खर्च पंचवीस हजार आहे आणि यंदा तरतूद नाही”, असे नेमके कारण. “विचार करू” हे उत्तर वहीत बंद करा, कारण ते ऐकलेला माणूस पुन्हा काही सुचवायला येत नाही. कारणासह मिळालेला नकार माणूस समजून घेतो, आणि पुढच्या वेळी ते कारण ध्यानात ठेवून अधिक चांगले सुचवतो.

ज्यांना लिहिण्याचा सराव नाही त्यांचे म्हणणे दुसऱ्या कोणी तरी लिहून घ्यावे, पण नाव सांगणाऱ्याचेच घालावे. हमाल, मापारी, निवडीच्या बायका, स्वयंपाकाच्या मावशी, गाडीचे चालक यांच्याकडून वही भरली पाहिजे. एका महिन्यात फक्त कार्यालयातल्या लोकांच्याच नोंदी दिसल्या, तर वही योग्य जागी ठेवलेली नाही. ती खळ्यावर, गोदामात, प्रयोगशाळेच्या दाराशी न्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर हे काम होत नाही. तिथे सूचना दिवसभरातल्या निरोपांखाली दबते आणि उत्तराची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागेल. मालक, मुकादम आणि पुरुष कामगार समोर बसलेले असताना निवडीची बाई बोलणार नाही. यावर तोडगा आपल्या पंचायत कायद्यातच आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी अशी तरतूद त्यात आहे, म्हणजे त्यांचे ठराव पुढे ग्रामसभेत येतात. तेच संस्थेत करा. आधी त्यांची वेगळी बैठक, तीही त्यांच्यातल्याच एखादीने चालवलेली. मग तिथले म्हणणे मोठ्या बैठकीत पहिल्यांदा वाचायचे, शेवटी वेळ उरला तर नव्हे.

यंदा एकच कप्पा

बहुतेक नव्या कल्पना “आख्खी संस्था बदलायची का?” या प्रश्नावर अडतात. हा प्रश्न विचारायचाच नसतो. कांदा उत्पादकाला प्रयोग कसा करायचा हे शिकवण्याची गरज नाही, पण तीच रीत कार्यालयात वापरायची हे त्याला सुचत नाही, म्हणून तपशिलात सांगतो.

उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि भाव पाहून पुढे चार-पाच महिन्यांत बाहेर निघतो. चाळीत हवा खेळावी म्हणून तळ जमिनीपासून उचललेला, भिंतींना फटी, कप्प्याची रुंदी बेताची, एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी पूर्व-पश्चिम, हे सगळे आता सर्वमान्य आहे. समजा, चाळ भरणाऱ्या एकाने सुचवले की कांदा आणखी चार दिवस शेतात पातीसह सुकवून मग भरावा. वाद घालू नका. एकाच शेतातला, एकाच दिवशी काढलेला कांदा दोन कप्प्यांत भरा, एक नेहमीसारखा आणि एक त्याच्या म्हणण्याप्रमाणे. भरताना दोन्हींचे वजन करा. काढताना पुन्हा वजन करा, सडलेला आणि मोड आलेला वेगळा काढून तोही मोजा. आकडे दोघांसमोर लिहा. ज्याचे खरे ठरेल त्याचे ठरेल.

पतसंस्थेत कप्पा म्हणजे एक शाखा आणि एक तिमाही. शाळेत कप्पा म्हणजे सहावीची एक तुकडी आणि एक घटक. बाजार समितीत लिलावाची एक ओळ आणि एक आठवडा. प्रत्येक प्रयोगाला सुरुवात करण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात: काय मोजणार, केव्हा थांबणार, आणि खर्चाची कमाल मर्यादा. छोट्या प्रयोगांना मंजुरी देण्याचा अधिकार विभागप्रमुखाला द्या. समजा, पाच हजार रुपयांपर्यंत. पाच हजारांच्या गोष्टीसाठी संचालक मंडळाची मासिक सभा गाठायला लागली, तर तोपर्यंत हंगाम निघून जातो.

आणि फसलेल्या प्रयोगाचा तोटा संस्थेच्या खात्यावर लिहायचा. फडातल्या टंचाईसारखा तो सगळ्यांचा. ज्याने सुचवले त्याच्या पगारातून, बढतीतून किंवा वार्षिक शेऱ्यातून तो वसूल होणार नाही, असा ठराव करून ठेवा आणि तो नोटीस बोर्डावर लावा. निष्काळजीपणा, अफरातफर, नियम मोडणे हे वेगळे, त्याला माफी नको. पण ठरवून, मोजून, मर्यादेत केलेला प्रयोग फसला तर त्याची नोंद जपून ठेवा. पुढच्या चेअरमनला तीच कल्पना नवीन म्हणून सुचणार आहे, तेव्हा ही नोंद त्याचे पैसे वाचवील.

न विचारल्याची किंमत

इथे एक आठवण करून देणे भाग आहे, कारण शेजारच्या तालुक्यांनी ही किंमत मोजली आहे. 2010 च्या हंगामात युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. बागायतदार हे वाढनियंत्रक लिहोसीन या नावाने ओळखतात. माल अडकला, व्यवहार मोडले, निर्यातदार आणि शेतकरी दोघेही कर्जात गेले. हे रसायन तोवर आपल्याकडच्या निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत नव्हते. ते बागेत वापरले जाते हे मात्र फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत होते. यादी तयार करणारे आणि पंप पाठीवर घेणारे एका खोलीत बसले असते, तर कदाचित एखाद्याने विचारले असते, “लिहोसीनचे काय?” अशा एका प्रश्नाचे मोल किती, हे त्या हंगामाने सगळ्यांना शिकवले.

त्याच सुमारास दिंडोरी तालुक्यात मोहाडी इथे विलास शिंदे यांनी द्राक्ष उत्पादकांना एकत्र करून सह्याद्री फार्म्सची उभारणी सुरू केली. आज ती देशातल्या आघाडीच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांत गणली जाते. आपल्या तालुक्यातून तिथे जाऊन येणारे बरेच जण शीतगृह आणि यंत्रे पाहून येतात. पुढच्या वेळी जाल तेव्हा बागेतली माहिती कंपनीपर्यंत आणि कंपनीचा निर्णय बागेपर्यंत कसा पोहोचतो, ते विचारून या. आपल्या उत्पादक कंपनीला ते यंत्रांहून स्वस्तात आणता येईल.

नाव आणि वाटा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. 1980 च्या दशकात त्यांना आपल्या भाताच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे वेगळ्या लावून पाहिल्या आणि त्यातून एचएमटी हे बारीक दाण्याचे वाण आले. पुढे ते अनेक राज्यांत पसरले. त्यांना पुरस्कार मिळाले, पण या वाणाच्या विक्रीतला वाटा कधी त्यांच्या घरी आला नाही. जून 2018 मध्ये ते गेले, आणि शेवटच्या आजारपणात उपचाराचा खर्च पेलणे कुटुंबाला कठीण गेले होते.

एवढ्या मोठ्या कामाचे असे झाले, तर आपल्या संस्थेतल्या शिपायाच्या सूचनेचे काय होत असेल याचा विचार करा. त्याने सुचवलेली गोष्ट अहवालात “व्यवस्थापनाने राबवलेला उपक्रम” म्हणून छापली जाते. असे एकदा झाले की त्या विभागातली दहा माणसे गप्प होतात. म्हणून वार्षिक अहवालात सुधारणेपुढे सुचवणाऱ्याचे नाव छापा, हुद्द्यासकट. बचत मोजता येत असेल तर पहिल्या वर्षाच्या बचतीतला ठरावीक हिस्सा त्या माणसाला आणि त्याच्या गटाला द्या, आणि हिस्सा किती हे आधीच जाहीर करा. मोजता येत नसेल तर नाव तरी चुकवू नका.

इथे मधल्या फळीचा प्रश्न येतो, आणि तो नाजूक आहे. मुकादम, पर्यवेक्षक, शाखाधिकारी यांना वाटते की हाताखालच्याने काही सुचवले म्हणजे आपली उणीव उघडी पडली. ही भीती खोटी नाही. अनेक ठिकाणी वरिष्ठ तसाच अर्थ काढतात. “हे तुमच्या लक्षात कसे आले नाही?” असा प्रश्न बैठकीत कधीही विचारू नका. त्याऐवजी त्याच्या विभागातून किती सूचना आल्या आणि त्यांतल्या किती करून पाहिल्या, हे त्याच्या कामाच्या मूल्यमापनात धरा. मग तो स्वतः माणसांना बोलते करील.

शिक्षणाकडे किंवा हुद्द्याकडे पाहून कल्पना तोलू नका, हे वेगळे सांगायला नको, तरी एक उदाहरण देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानातल्या उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा त्यांचे सहकारी पदव्या पाहून निवडलेले नव्हते. त्यांच्या पहिल्या लोखंडी नांगरांना गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली होती, कारण लोखंडाने जमीन बिघडते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. चांगल्या कल्पनेलाही वेळ द्यावा लागतो. संस्थाप्रमुखाचा धीर तिथे कामाला येतो.

शाळांसाठी

शाळांमध्ये अडचण थोडी वेगळी असते. शिक्षक वर्गात नवे काही तरी करत असतातच, पण ते त्या चार भिंतींत राहते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, आणि नंतर राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ती पद्धत आली. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांत वाटली. पुरस्कार सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला त्याआधीचा टप्पा मोलाचा वाटतो: एका लहान गावातली गोष्ट वरच्या कार्यालयाने पाहिली आणि उचलली. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर वेळी दोन शिक्षकांना पंधरा मिनिटे द्या, एकाने जमलेले सांगावे, दुसऱ्याने न जमलेले. परिपत्रकांचे वाचन त्यानंतर.

आता तुमच्याबद्दल. कर्मचारी तुमचे शब्द कमी आणि वागणे जास्त पाहतात. बैठकीत तुम्ही आधी मत दिले की बाकीचे त्याला दुजोरा देतात, म्हणून तुम्ही शेवटी बोला, आणि सर्वांत कनिष्ठाला पहिल्यांदा बोलू द्या. महिन्यातून एक सकाळ कामाच्या जागी काढा, खुर्ची न मागता. निवड चालू असताना खळ्यावर, हप्ते भरायच्या दिवशी काउंटरच्या बाजूला, मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या रांगेपाशी. तिथे एकच प्रश्न विचारा: “या कामात विनाकारण वेळ कुठं जातो?” “काही नवीन सुचतंय का?” असे विचारले तर माणूस बावरतो. वाया जाणाऱ्या वेळेबद्दल विचारले तर तो अर्धा तास बोलतो. जे ऐकाल ते त्याच्यासमोर वहीत लिहा आणि तारीख घाला. ती तारीख तुम्ही स्वतः चुकवलीत तर वही आठवडाभरात बंद पडेल.

सुरुवात केव्हा करायची, याला सहकारी संस्थांपुरते सोपे उत्तर आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढवा: गेल्या वर्षात सभासदांनी आणि कर्मचाऱ्यांनी सुचवलेल्या गोष्टी, त्यांना दिलेली उत्तरे आणि केलेले प्रयोग. पहिल्या वर्षी या विषयाखाली पाचच ओळी असल्या तरी त्या नावांसह वाचून दाखवा. खासगी खळे किंवा कारखाना असेल तर दिवाळीच्या बोनसच्या दिवशी तेच करा. वही मात्र उद्याच आणा, आणि तिच्यात पहिली नोंद सगळ्यात कमी पगार असलेल्या माणसाची घ्या.